कुमारेट्टनचा उजवा हात

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शैजाने कुमारेट्टनला जागेपणीच ऑपरेशनच्या टेबलावर आडवं केलं. कोझिकोडच्या त्या खासगी रुग्णालयात ती तंत्रज्ञ होती. भूल दिलेल्या माणसाला टेबलावर नीट ठेवणं हे तिचं काम; त्याचे हात-पाय कुठवर जातात ते ती आधीच बघून ठेवायची.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ मणक्यात शिरली होती. आधी पालथं झोपवून मणक्याचं काम, मग डाव्या कुशीवर वळवून फुप्फुसाचं.

"हात वर घेते. मुंग्या आल्या की सांगा."

"चाळीस वर्षं विड्या वळल्या, मोळे," मुलीला हाक मारावी तसं तो म्हणाला. "मुंगळे चावले तरी बोटं थांबली नाहीत."

पण हात खांद्याच्या रेषेशी आला आणि तो कळवळला. तरुणपणी माडावरून पडल्यापासून तो खांदा आखडलेला होता. गाठीमुळे फक्त करंगळी बधिर होती. अंगठा शाबूत होता. शैजाने टेबलाच्या हात ठेवायच्या आधारावर चिकटपट्टी लावून लिहिलं : याच्या वर नाही.

दुसऱ्या दिवशी मणक्याचे डॉक्टर दुपारी मोकळे झाले. सहा जणांनी कुमारेट्टनला कुशीवर वळवलं. छातीचे सर्जन डॉ. तरकन आले आणि म्हणाले, "हात आणखी वर. मला खांद्याचं हाड आड येतंय."

"सार, यांचा खांदा तेवढा जात नाही. काल बघितलंय."

"झोपलेला माणूस तक्रार करत नाही."

"म्हणून तर जागा असताना विचारलं, सार."

कोणीतरी हसलं. डॉ. तरकन यांनी स्वतः आधार चार बोटं वर सरकवला. पुढच्या पाच तासांत शैजाने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "तू कर ऑपरेशन, मी बाहेर बसतो."

गाठ पूर्ण निघाली. तिसऱ्या दिवशी कुमारेट्टनला कोपर वाकवता येईना, अंगठ्याने चिमूट धरता येईना. राउंडला डॉ. तरकन म्हणाले, "गाठ नसांना चिकटलेली होती. एवढं चालायचंच."

मुख्य परिचारिका मर्सी सिस्टरने शैजापुढे कागद ठेवला : रुग्णाची स्थिती संपूर्ण वेळ योग्य होती. खाली सहीची जागा.

"गाठीने करंगळी गेली होती, सिस्टर. कोपराच्या आणि अंगठ्याच्या नसा वेगळ्या, त्या हात ताणल्याने जातात. अंगठा गाठीने नेलेला नाही."

"तुला कोण विचारतंय? सही कर."

शैजा तो कागद घेऊन वॉर्डात गेली. कुमारेट्टनची बायको नारायणी त्याला कांजी भरवत होती. त्याने सरळच विचारलं, "हात तू म्हणालीस तिथेच होता ना?"

"नव्हता, कुमारेट्टा."

त्याने डाव्या हाताने कांजीचा चमचा बाजूला सारला. मग म्हणाला, "तीस वर्षं युनियनमध्ये काढली मी. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी ओळखत नाही. लिहून दे."

"नोकरी जाईल तुझी, शैजा," तिच्या मागोमाग वॉर्डात आलेली मर्सी सिस्टर म्हणाली.

"यांची गेलीच आहे, सिस्टर."

तिने छापील ओळ खोडली. हात किती वर होता, किती तास, कोणी सरकवला, आपण किती वेळा सांगितलं, सगळं लिहिलं. सही केली, खाली वेळ घातली : सकाळी नऊ वीस. मग झेरॉक्स काढून एक प्रत नारायणीच्या हातात दिली, आणि मूळ कागद घेऊन ती डॉ. तरकन यांच्या खोलीकडे चालू लागली.