जिभेवरचं तिकीट

मी टपालतिकिटांचा अल्बम बोलतोय. चाळीस काळी पानं आणि निळ्या कापडाची बांधणी. माझे मालक आजोबा, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मला उघडण्याआधी ते हात धुऊन कोरडे करतात.

त्यांना एक खोड आहे. नवं तिकीट मिळालं, की त्याची पाठ जिभेला लावून बघायची. मूळ डिंक शाबूत आहे की कुणी मागाहून लावलाय, ते म्हणे जिभेलाच कळतं.

"भिंग फसेल, जीभ नाही," ते नातीला सांगतात.

"मग घरातली सगळी पाकिटं तुम्हीच चिकटवा," नात म्हणते.

एका दुपारी धाकटा काका, म्हणजे आजोबांचा मुलगा, माझ्यापाशी आला. तो मला कधी हात लावत नाही. त्याने खिशातून बोटभर कागद काढला. दातेरी कडांचे चार चौकोन, प्रत्येकावर पिवळा सूर्य.

"तिकिटांत तिकीट, कोण ओळखणार?" तो फोनवर दबक्या आवाजात म्हणाला. "शनिवारी घेऊ. भिंती श्वास घेताना दिसतात म्हणे."

त्याने तो कागद माझ्या शेवटच्या पानात सरकवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबांनी ते पान उघडलं. "हा सूर्य माझ्याकडे कधी आला?" असं पुटपुटत त्यांनी एक चौकोन सोडवला आणि जिभेला लावला. डिंकाची चव लागेना, म्हणून पुन्हा लावला. या खेपेला बराच वेळ. मी फक्त बघत राहिलो. पानांना कुठे तोंड असतं?

तासाभरात आजोबा भिंतीला टेकून थरथरत होते. "पडद्यावरची फुलं खाली उतरतायत. झटक ती," ते नातीला म्हणाले. मग तिचाच चेहरा त्यांना ओळखू येईना. त्यांनी तिला "तू कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा ती दाराआड जाऊन रडली.

शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "नाडी फार पळतेय. यांच्या पोटात काय गेलंय? ते कळल्याशिवाय मी औषध द्यायचं कसं?"

आतल्या खोलीत काका माझी पानं भराभर उलटत होता. त्याला उरलेले तीन सूर्य पळवायचे होते.

"काका, आजोबा तिकडे ओरडतायत आणि तू तिकिटं काय बघतोस?" दारातून नात म्हणाली.

काकाचे हात थांबले.  मग तो बाहेर गेला आणि ते तीन चौकोन डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवले. "माझे आहेत. बाबांना माहीत नव्हतं."

त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे काका जास्तच घाबरला. "डोळे-कान जे धाडतात, ते मेंदू चाळून घेतो," त्या म्हणाल्या. "या कागदात मुरवलेलं नशेचं विष ती चाळणीच बिघडवतं. मग खरं कुठलं आणि भास कुठला, माणसाला कळत नाही. या वयात हृदयालाही ते झेपत नाही. चल, गाडी काढ."

तीन दिवसांनी आजोबा घरी आले. मला मात्र त्यांनी दोन महिने हात लावला नाही.

काल नातीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पहिलं पान उघडलं. तिकिटावर एक जहाज होतं.

"हे हलतंय का गं?"

तिने जहाजावर बोट ठेवलं. "नाही, आजोबा."

त्यांनी पान उलटलं. "आणि हे?"

माझी चाळीस पानं आहेत. कुणाला काही लपवायचं असेल, तर कृपा करून माझ्यात लपवू नका. काल प्रत्येक पानावर त्यांनी तिला हेच विचारलं, हे हलतंय का.