नव्या डिस्कची भिंत

दुकान ठेवायचं की शेजारच्या चष्मेवाल्यांना देऊन टाकायचं, हे ठरायला महिनाअखेरीपर्यंत मुदत होती. सासूबाईंच्या मनाने ते केव्हाच ठरलं होतं. मुदत होती ती फक्त सुनेच्या समाधानासाठी.

दुकान सिनेमाच्या डिस्क भाड्याने देण्याचं. सासूबाईंनी ते कॅसेटच्या काळात उघडलं, तेव्हापासून गल्ली त्यांना काकू म्हणायची. सून लग्न होऊन आली तशी काउंटरला उभी राहिली आणि सगळ्यांची वहिनी झाली. ही नावं इतकी पक्की बसली की पाकिटावरची खरी नावं वाचून पोस्टमनच विचारात पडायचा. वहिनीचा नवरा गोदामात नोकरीला होता. आई आणि बायको यांच्या वादात पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी कमावलं होतं.

अलीकडे गिऱ्हाईक रोडावलं होतं. चष्मेवाल्यांना डोळे तपासायला लांबट खोली हवी होती, आणि हे दुकान लांबट होतं. काकू म्हणत होत्या, देऊन टाकू. वहिनी म्हणत होती, उजवी भिंत रिकामी करू आणि तिथे नव्या, हाय डेफिनिशन डिस्क लावू. तिने घाऊक व्यापाऱ्याच्या मागे लागून एक नवं मशीन, एक टीव्ही आणि मूठभर डिस्क महिन्यापुरत्या मागून आणल्या होत्या.

"आई, डिस्क तेवढीच आहे," ती समजावत होती. "लिहिणारं टोक बारीक झालंय. जाड खडूने पाटीवर चार ओळी बसतात, बारीक पेन्सिलीने चाळीस. म्हणून चित्रात तपशील जास्त."

"तपशील कुणाला हवाय? लोक गोष्ट बघायला येतात."

काकूंचं म्हणणं हेक्याचं नव्हतं. कॅसेट दोन प्रकारच्या निघाल्या होत्या तेव्हा त्यांनी स्वतः दोन्ही लावून पाहिल्या, ज्यातलं चित्र चांगलं त्या घेतल्या, आणि सगळं जग दुसऱ्या कॅसेटच्या मागे गेलं. चांगलं चित्र माळ्यावर धूळ खात पडलं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. काकू आता पाणीही फुंकून पीत होत्या.

तरी त्यांनी एक वाट ठेवली. "लोकांना दोन्ही दाखव. नवं कुठलं, जुनं कुठलं, सांगायचं नाही. त्यांनी आपणहून नव्यावर बोट ठेवलं तर भिंत तुझी. नाहीतर किल्ली चष्मेवाल्यांना. मग रडगाणं नको."

"नाही गाणार."

रविवारी दुकानात अजूनही गर्दी असे. वहिनीने एकाच मापाचे दोन टीव्ही मागच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले. एकावर जुनी डिस्क, दुसऱ्यावर नवी, सिनेमा एकच. मशीनवर कापड टाकलं. नव्या टीव्हीचे रंग तिने पुस्तिका समोर ठेवून नीट लावले होते, माणसाची कातडी माणसाच्या कातडीसारखी दिसेपर्यंत. आलेला प्रत्येक जण काउंटरला उभा राहून दोन्हीकडे बघे आणि बोट दाखवी.

दुपारपर्यंत बहुतेक बोटं जुन्याकडे गेली.

"हे कसं झकास रसरशीत आहे," एक बाई म्हणाल्या. "ते दुसरं आजारी वाटतंय."

निवृत्त बसड्रायव्हर होते, सगळ्यांचे ड्रायव्हरकाका, त्यांनी तर बोटही दाखवलं नाही. "मुलाने मला टीव्ही आणि हेच नवं मशीन पाठवलंय. तसूभर फरक नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय, कुणी फसू नका."

काकूंनी टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "चहा घे. सकाळपासून उभी आहेस."

चहा घेता घेता तिने रागवायचं की विचार करायचा, याचा हिशेब केला. राग उद्याही करता आला असता. कप ठेवून ती काउंटरच्या बाहेर गेली आणि गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी उभीच राहिली नव्हती.

पहिली चूक तिला लगेच दिसली. दुकानातला जुना टीव्ही रस्त्यावरून डोळ्यात भरावा म्हणून काकूंनी त्याचे रंग वर्षानुवर्षं टोकाला नेऊन ठेवले होते. त्याच्या शेजारी खरा रंग फिकाच दिसणार. तिने दोन्ही टीव्ही सारखे लावले आणि परत येऊन उभी राहिली. आता दोन्ही चित्रं सारखीच दिसत होती. हे मात्र तिला अपेक्षित नव्हतं.

चष्मेवाले दारात उभे राहून बघत होते. जागा आपलीच होणार या भरवशाने ते हल्ली येता-जाता खोलीची लांबी डोळ्याने मापत.

"वहिनी, काय शोधताय?"

"फरक. आहे, हे मला ठाऊक आहे. पण दिसत नाहीये."

"माझ्याकडे येणारे रोज हेच म्हणतात." ते आत आले. "अक्षर दिसत नसलं तर दोनच उपाय. चष्मा, नाहीतर पाऊल पुढे. पहिला उपाय माझ्या पोटाचा आहे, म्हणून मी दुसरा कुणाला सांगत नाही."

तिने काउंटरची उघडती फळी उचलली आणि टीव्हीकडे चालू लागली. पडद्यावर मासेमारीचं जाळं वाळत घातलं होतं. लांबून दोन्हीकडे ते करड्या फडक्यासारखं होतं. जवळ जाताना एका जागी नव्या चित्रातलं जाळं सुटलं: एकेक दोरा, दोऱ्यांच्या गाठी, गाठींमधून दिसणारं पाणी. जुन्या चित्रात फडकं ते फडकंच. तिने त्या जागी खडूने रेघ ओढली. रेघेपासून काउंटर चांगलंच लांब होतं.

"आई, लोकांनी जिथून पाहिलं तिथून फरक डोळ्याला कळणारच नव्हता. तपासणी माझीच चुकली. मला अजून एक संधी हवी."

"पैज म्हणजे पैज."

"पैज लोकांना दाखवायची होती. मी दाखवलंच नाही. तुम्ही सांगाल त्याच्या घरी दाखवते. दुकानात नाही."

काकूंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाले छताकडे बघू लागले. "बरं," काकू म्हणाल्या. "मग ड्रायव्हरकडे चल. त्याने हो म्हटलं तर कुणीही म्हणेल."

काकूंनी मुद्दामच सगळ्यात अवघड घर निवडलं होतं, हे वहिनीला कळलं. तिने एक डिस्क पिशवीत टाकली आणि पुढे चालू लागली.

ड्रायव्हरकाकांच्या घरात टीव्ही एका भिंतीला आणि खुर्च्या समोरच्या भिंतीला अगदी टेकून होत्या. "जवळून बघितलं की डोळे जातात," ड्रायव्हरकाकी म्हणाल्या. "मी मुलांनाही कधी पुढे सरकू दिलं नाही."

वहिनी टीव्हीच्या मागे वाकली. नवं मशीन होतं, नवा टीव्ही होता, आणि दोघांच्या मध्ये जुन्या मशीनच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी होत्या.

"काका, मशीनबरोबर एक चपट्या तोंडाची वायर आली होती का?"

"आली होती ना. ठेवलीय."

"कुठे?"

काकींनी कपाट उघडून खोका काढला. वायर त्यात प्लास्टिकच्या पिशवीत होती, तिच्यावरची चिकटपट्टीही सुटलेली नव्हती. "इथल्या जुन्या वायरी धडधाकट होत्या," काकी म्हणाल्या. "चांगल्या वस्तू टाकून नवी कशाला उघडायची? म्हटलं, पुढेमागे लागेल."

काकूंनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं. त्यांनीही तेच केलं असतं.

"या जुन्या वायरीतून नवं चित्र येतच नाही," वहिनी म्हणाली. "बारीक पेन्सिलीने लिहिलेलं तुम्ही जाड खडूने उतरवून घेताय. लागायची ती वेळ आज आलीय. उघडू का?"

वायर बदलली, रिमोटने टीव्हीवर त्या वायरीचा मार्ग निवडला. खुर्च्या पुढे ओढताना काकींचा जीव खालीवर होत होता. "चष्मेवाल्यांना विचारा हवं तर," वहिनी म्हणाली. "डोळे थकतील, पण जाणार नाहीत. डोळे जात असते तर धंद्यासाठी त्यांनीच सगळ्यांना रोज जवळ बसवलं असतं."

पिशवीतला सिनेमा ड्रायव्हरकाकांनी जुन्या डिस्कवर कितीदा तरी नेला होता. घाटातली बस, बसमध्ये सगळी पात्रं, आणि शेवटच्या वळणावर निकामी झालेला ब्रेक. तोच प्रसंग तिने लावला. काका हात बांधून बसले. थोड्या वेळाने त्यांचे हात सुटले. मग ते खुर्चीच्या कडेवर आले.

"थांबव. थोडं मागे घे."

तिने घेतलं.

"तो काटा बघ. वेगाचा काटा." ते उठून पडद्यावर बोट ठेवायला गेले. "शून्यावर आहे. गाडी उभी आहे, आणि हा बाबा घाम पुसत स्टिअरिंग फिरवतोय. बाहेरची झाडं पळवलीत नुसती. इतकी वर्षं या माणसासाठी माझा जीव टांगणीला लागायचा."

"आणि या नायिकेच्या कपाळावर बघा," काकू पुढे वाकल्या. त्यांना राहवलंच नाही. "केसांच्या टोपाची कड दिसतेय. जाळी आहे खाली, जाळी."

"अगंबाई, खरंच की," ड्रायव्हरकाकी म्हणाल्या.

पाण्यावरचं ऊन आणि दगडांवरचं शेवाळ यांनी लोक हरखतील, असं वहिनीने धरलं होतं. लोकांना दिसलं ते काटा आणि टोप.

"म्हणजे हे वाईटच झालं की गं," काकू म्हणाल्या. "खोटं उघडं पडलं."

ड्रायव्हरकाका अजून पडद्यापाशीच उभे होते. "वाईट कसलं? वहिनी, ट्रकवाला तो सिनेमा आहे का या नव्या डिस्कमध्ये? आणि रात्रीच्या बसचा?"

"आहेत. मागवावे लागतील."

"मागव. सगळे मागव. खरी गाडी कोण चालवतं ते मला बघायचंय. एक जरी निघाला, तर त्याला मानीन."

परत येताना काकू म्हणाल्या, "त्याने आपणहून मागितलं."

"हो."

"पण एकट्याने."

"मग बाकीच्यांकडेही जाते."

आणि ती खरोखरच गेली. पिशवीत डिस्क, वायर आणि शिवणाची टेप घेऊन घरोघर फिरली. खुर्ची ते पडदा हे अंतर मापलं, मागच्या वायरी तपासल्या. नवं मशीन घेतलेल्या आणखी दोन घरांत नव्या वायरी कपाटात जपून ठेवलेल्या निघाल्या. शिंपीणबाईंचा छोटा टीव्ही कपाटावर उंच होता आणि खाली शिवणयंत्रावरून मान वर करून त्या बघत. त्यांना वहिनीने सांगितलं, "तुम्ही नका घेऊ. इथून तुम्हाला फरक दिसायचा नाही."

"गिऱ्हाइकाला नको म्हणणारी दुकानदारीण मी पहिल्यांदाच बघतेय," काकू म्हणाल्या. पण दोनच दिवसांत शिंपीणबाईंनी आपल्या बहिणीला पाठवलं. ती आली ती थेट म्हणाली, "मला घेऊ का नको ते सांगा. ताई म्हणाली, तुम्ही खरं सांगता."

इकडे ड्रायव्हरकाकांनी जेवढ्या उत्साहाने नव्या डिस्कची बदनामी केली होती, तेवढ्याच उत्साहाने शून्यावरच्या काट्याची गोष्ट पसरवली. लोक येऊ लागले. कुणाला नायकाच्या तोंडावरची पावडर बघायची होती, कुणाला म्हाताऱ्याची चिकटवलेली मिशी. वहिनीला प्रथम वाईट वाटलं. मग तिने ठरवलं, माणूस पडद्याच्या जवळ कशासाठी आला हे विचारायचं नाही. जवळ आला, की पाण्यावरचं ऊन आपसूक दिसेल. आणि डिस्क परत करताना एक जण खरंच म्हणाला, "मिशी खरीच होती हो. पण पाऊस काय दिसतो त्यात."

महिना संपता संपता चष्मेवाले करारनामा घेऊन आले. काकू काउंटरला होत्या. वहिनी मागे डिस्क लावत राहिली. पैजेचं उत्तर ज्यांचं त्यांनी द्यायचं.

"ही डिस्कही उद्या मागे पडेल," काकू तिला म्हणाल्या. "मग?"

"पडेल. कधीतरी पडेलच. पण कॅसेटच्या वेळी एका प्रकारचं मशीन दुसऱ्या प्रकारची कॅसेट तोंडात घेत नव्हतं. हे नवं मशीन जुन्या डिस्कही चालवतं. लोकांना जुनं टाकावं लागत नाही, म्हणून ते सावकाश का होईना, इकडे येतील. आणि तोवर मी आणीन त्यांना."

"आणशील," काकू म्हणाल्या. त्यात कौतुक नव्हतं. पाहिलेली गोष्ट सांगावी तसा स्वर होता. मग त्या चष्मेवाल्यांकडे वळल्या. "भाऊ, जागा नाही मिळायची. तुम्हीच हिला पाऊल पुढे टाकायला सांगितलंत. आता भोगा."

"माझीच जीभ," चष्मेवाले म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मग मी आरसा लावतो. अर्ध्या खोलीत पूर्ण अंतर मिळतं."

"हे आधी नाही सुचलं?"

"सुचलं होतं. पण तुमची जागा आरशापेक्षा बरी होती."

दुपारी दोघींनी मिळून उजवी भिंत रिकामी केली. जुन्या डिस्क काढताना काकू प्रत्येक खोका पुसत होत्या आणि डाव्या भिंतीवर जागा करून देत होत्या. एका हसऱ्या नायकाचे सिनेमे मात्र त्यांनी वेगळे काढून काउंटरखाली ठेवले. "याचे नव्यात मागवू नकोस," त्या म्हणाल्या. "मागितलेच कुणी तर तू दे. मला दाखवू नकोस."

भिंत रिकामी झाल्यावर फार मोठी दिसू लागली, आणि नव्या डिस्क फार थोड्या. नेहमीसारख्या उभ्या लावल्या तर एक कोपराही भरला नसता. वहिनीने त्या तोंड बाहेर करून, एकीशेजारी एक, अख्ख्या फळीवर मांडायला घेतल्या.

"चिकटून ठेवू नकोस," काकू मागून म्हणाल्या.

"का? भरलेलं दिसतंय की."

"काढताना माणसांची बोटं आत जायला नकोत? बोटभर जागा सोड."

वहिनीने पहिलीपासून सगळ्या पुन्हा सरकवल्या.