चार वॅटच्या टप्प्यात

लतीफ शारजा सोडून कायमचा रत्नागिरीला निघाला, तेव्हा त्याने शौकतला गळ घातली, "जाण्याआधी एकदा रेडिओवर बोलू."

तरुणपणी दोघे ट्रक चालवायचे. ट्रकमधल्या रेडिओ सेटला ताकद वाढवणारा बूस्टर चोरून लावला की शारजातून रास अल खैमापर्यंत गप्पा रंगायच्या. कायद्याने रेडिओला चार वॅटचीच ताकद चालते, म्हणजे जेमतेम काही किलोमीटरचा टप्पा, हे कळल्यावर शौकतने बूस्टर काढून टाकला होता.

आता तो गाडीत तोच सेट लावून रास अल खैमाहून शारजाला निघाला. वाटेत रेडिओवर हाका मारल्या, पण नुसती खरखर. लतीफच्या गल्लीत शिरल्यावर कुठे आवाज फुटला, "शौकत, ऐकतोयस?"

बिल्डिंगखाली गाडीत बसलेला लतीफ समोरच दिसत होता.

"उतरून येऊ?"

"थांब हबीबी, असंच बोल."

काचेआडून एकमेकांकडे बघत दोघे कितीतरी वेळ जुन्या रस्त्यांवर हिंडत राहिले.