हात कोण लावणार

शवागारात बाई काम करते म्हटलं की लोकांना आधी ते खोटंच वाटतं. मग ते तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि हळूच दोन पावलं मागे सरकतात. मावशीच्या हे सगळं अंगवळणी पडलं होतं. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. प्रेत टेबलावर घ्यायचं, धुवायचं, डॉक्टर म्हणतील तिथे चिरायचं, करवतीने कवटी उघडायची, त्यांचं बघून झालं की सगळं जागच्या जागी ठेवून टाके घालायचे. कागदावर मात्र हे सारं डॉक्टरांनी केलं असं लिहिलेलं असे. डॉक्टर नाकाला रुमाल लावून खिडकीपाशी उभे राहत.

हॉस्पिटलातले सगळे तिला मावशी म्हणत. हे काम तिच्या बापाचं. एकदा सुरी लागली, हात सडला, विष अंगभर भिनलं आणि आठ दिवसांत माणूस आटोपला. त्याची जागा घरातल्या कुणाला तरी द्यायची होती, तेव्हा घरात होती एकोणीस वर्षांची ती आणि सात वर्षांचा भाऊ. आई आधीच गेलेली. "तुमच्यातल्या बायकांना जमतं सगळं," असं म्हणत कारकुनाने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. पहिल्या दिवशी ती तीनदा ओकली आणि चौथ्यांदा टेबलापाशी जाऊन उभी राहिली, कारण घरी भाऊ होता.

भाऊ हुशार निघाला. इमारतींचे नकाशे काढायला शिकला, आर्किटेक्ट झाला. एकदा हौसेने त्याने तिला एक मोठा नकाशा पसरून दाखवला होता.

"हे बघ ताई, कामवाल्यांना वेगळा जिना दिलाय. मागून. म्हणजे कुणाची कुणाला अडचण नको."

"आणि मी आले तर कुठल्या जिन्याने येऊ?"

"काहीतरीच बोलतेस तू," असं म्हणून तो हसला होता. तीही हसली होती, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे त्याने आडनाव गाळलं. बापाचंच नाव आडनावासारखं लावायला लागला. "सोपं पडतं गं," म्हणाला. सहा वर्षांपूर्वी लग्न केलं, तेव्हा म्हणाला, कोर्टात सह्या केल्या, कुणालाच बोलावलं नाही. नंतर एकदा त्याच्याच फोनवर घरचे फोटो असतील म्हणून ती बोट सरकवत गेली, तर समोर मंडप, रोषणाई आणि चांगली दोनशे माणसं. तिने फोन परत दिला. वर्षातून दोनदा तो तिच्या खोलीवर येई, खाटेच्या कडेवर टेकल्यासारखा बसे आणि घड्याळाकडे बघे. त्याच्या घरचा पत्ता तिला ठाऊक होता. बोलावणं कधी आलं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारा आला. फिरायला गेला असता गाडीने उडवलेला. अंगावर चांगल्या कापडाचा सदरा, पायांत एकच बूट. मावशीने पोलिसांचा कागद वाचला. "ओळख पटवणारे: जावई" आणि त्यापुढे तिच्या भावाचं नाव. आडनावाच्या जागी बापाचं नाव.

तिने ते नाव दोनदा वाचलं. म्हणजे हे भावाचे सासरे. जिवंतपणी ह्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग तिने दार उघडलं. बाकावर एक म्हातारी बाई मान खाली घालून बसली होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून एक तरुण बाई. तीच भावजय, फोटोतली. जवळच ऐन तिशीतला एक माणूस फोनवर कुणालातरी झापत होता. चेहऱ्यावरून मेलेल्या माणसाचा मुलगा कळत होता. आणि भिंतीला टेकून तिचा भाऊ.

दोघांची नजरानजर झाली. तो काय म्हणेल ह्याची ती वाट बघत राहिली. त्याने घसा साफ केला.

"अहो बाई," तो म्हणाला, "जरा लवकर होईल का? तुम्ही डॉक्टरांना विचारता का?"

सात वर्षांचा असल्यापासून "ए ताई" म्हणणारा हा. ताप आला की मांडीवरून न उतरणारा हा. "अहो बाई." "तुम्ही." कुणी कानफटात दिली असती तर तिला इतकं लागलं नसतं. तरी ती म्हणाली, "बघते."

तेवढ्यात भावाच्या त्या मेहुण्याने फोन खिशात टाकला. तिच्या अंगावरचा रबरी एप्रन, गमबूट, हातमोजे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तू कोण? आत कोण करणार हे? डॉक्टर ना?"

"डॉक्टर आहेत आत. चिरायचं काम मी करते."

"तू?" त्याने तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "नाव काय तुझं? पूर्ण नाव सांग."

पूर्ण नाव कशाला विचारतात हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने आडनाव जरा मोठ्यानेच सांगितलं. भिंतीपाशी भावाची मान खाली गेली.

"चालणार नाही," मेहुणा डॉक्टरांच्या दिशेने ओरडला. "डॉक्टर, इकडे या! माझ्या वडिलांना असल्या माणसांचा हात लागता कामा नये. आयुष्यभर कसे राहिलेत ते! भावोजी, तुम्ही बोला ना जरा, तुम्हाला बोलता येतं नीट."

भावोजी बोलले. नीट बोलले.

"डॉक्टर, दुसरं कुणी उपलब्ध नाही का? म्हणजे, प्रश्न घरच्यांच्या भावनांचा आहे."

मावशीच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिने एकेक करून हातमोजे काढले. एप्रनची गाठ सोडली. सगळं त्या मेहुण्याच्या पायापाशी टाकलं.

"घ्या. तुमचा हात चालेल ना? करवत डावीकडे टांगलीय. कपाळापासून सुरू करा, आणि जपून, नाहीतर आतला मेंदू कापला जातो."

"हिला काय बोलायचं कळतं का!"

डॉक्टर नवे होते, सहा महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी तिला दाराआड ओढलं. "मावशी, असं काय करता? मला नाही येत कवटी उघडायला. मी फक्त..."

"तुम्ही फक्त सही करता. आज करून बघा. लोकांना तुमचा हात हवाय."

डॉक्टरांनी घाम पुसला. बाहेर मेहुणा दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायची भाषा करू लागला होता. मावशी परत बाहेर आली. आता तिला कुणाचीच भीडभाड उरली नव्हती.

"न्या की! तिथे माझा चुलतभाऊ आहे. नाही पटलं तर नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथे चुलतभावाचा साडू आहे. अख्ख्या शहरात मेलेल्यांना हात लावायला आमचीच माणसं ठेवलीत तुम्ही लोकांनी. जिवंतपणी सावली नको, मेल्यावर मात्र दुसरं कुणी मिळत नाही!"

"ओरडू नका, माझी आई बसलीय इथे," भावजय उठून पुढे आली. तिचे डोळे सुजले होते. "काय झालंय? काय हवंय तुम्हाला?"

"मला काही नकोय. तुमच्या नवऱ्याला विचारा, माझं आडनाव काय. त्याला पाठ आहे ते. कॉलेजात जाईपर्यंत..."

"ताई, इथे नको!" भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "तू गप्प बस गं, इथे नको!"

सगळे जागच्या जागी थिजले. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.

"ताई?" भावजयीने विचारलं. "कोण ताई?"

"सख्खी," मावशी म्हणाली. "ह्याच खोलीत राबून ह्याला मोठा केला. आणि इथे नको म्हणतो. मग कुठे रे? तुझ्या घरी बोलाव, तिथे बोलते. कुठल्या जिन्याने येऊ तेवढं सांग."

मेहुणा भावोजींकडे असा बघत होता, जणू त्याच्या ताटात कुणी थुंकलं असावं. भावजय नवऱ्याकडे बघत होती. "आईवडील अपघातात गेले, कुणीच नाही म्हणालास," ती हळू म्हणाली. "सहा वर्षं, रे."

तेव्हा बाकावरची म्हातारी पहिल्यांदा बोलली. "मला त्यांना घरी न्यायचंय. कुणीही करा आणि मोकळं करा."

कुणीही. तोही शब्द मावशीला टोचला, पण बाई नवऱ्याला मुकली होती, तिच्याशी भांडण नव्हतं. ती मेहुण्याकडे वळली.

"करते मी. पण तुम्ही मला म्हणा. डॉक्टरांना नाही, मला. आणि 'तू' नाही, 'तुम्ही'."

त्याने आईकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. "तुम्ही... करा," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, हे ऐकून गार वाटेल. काही वाटलं नाही. तिने जमिनीवरचा एप्रन उचलला, झटकला आणि आत गेली.

कामात तिने कसूर केली नाही. माणूस आतून सारखाच असतो असं डॉक्टर मंडळी भाषणांत सांगतात, त्या वाक्याचा तिला मनस्वी कंटाळा होता. आतून सारखा असल्याचा फायदा काय, टाके घालून बाहेर पाठवला की पुन्हा ज्याच्या त्याच्या जिन्यावर. कवटी तिने नीट बसवली. मग बारीक, जवळजवळ टाके घातले, केस पुढे विंचरले, चेहरा पुसला. शिवण दिसणार नाही असं केलं. बाहेर नेताना भाऊ तिथे नव्हता. गाडी आणायला गेला होता म्हणे.

आठवड्याने अधीक्षकांच्या ऑफिसातून कागद आला. मेहुण्याने तक्रार केली होती: कर्मचारी बाईने कामास नकार दिला, मृताच्या नातेवाइकांना अर्वाच्य बोलली. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. आणि त्या कागदाच्या पाठोपाठ, दुसऱ्याच दिवशी, भाऊ खोलीवर आला. ह्या खेपेला त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"माफी लिहून दे ताई. दोन ओळी. तो तक्रार मागे घेतो म्हणालाय. माझ्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोलत नाहीये. तुझ्या एका रागापायी माझा संसार..."

"माझ्या रागापायी?"

"तुला काय ठाऊक गं, त्या लोकांत उभं राहायला काय करावं लागतं? मीही सोसलंच ना?"

"तू माझं आयुष्य सोसलंस का रे? मला मारून टाकलंस तू, अपघातात. आईबापाबरोबर. आणि मी इथे रोज मेलेल्यांना आंघोळ घालते!" तिचा आवाज शेजारी गेला असणार. "माफी कशाची लिहू? आडनाव सांगितल्याची?"

"हट्टी आहेस तू."

"चालायला लाग," ती म्हणाली आणि दार उघडं धरून उभी राहिली. तो जिना उतरेपर्यंत ती तशीच उभी होती. मग आत येऊन भिंतीशी बसली आणि इतकी रडली की तिची तिलाच लाज वाटली. त्याच्यावरचा राग त्या रडण्याने कमी झाला नाही.

खुलासा तिने स्वतः लिहिला. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण घडलं ते सारं लिहिलं: कोण काय म्हणालं, कुणी आडनाव विचारलं, कवटी कोण उघडतं आणि सही कोण करतं. डॉक्टरांनी ती ओळ गाळायची विनवणी केली. तिने गाळली नाही. खाली साक्षीदार म्हणून भावाचं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट, आणि पुढे लिहिलं, "माझा सख्खा भाऊ."

चौकशीच्या दिवशी तो आला नाही. कामानिमित्त परगावी असल्याचं पत्र पाठवलं. आली ती भावजय, एकटी. अधीक्षकांपुढे बसून तिने सांगितलं, "मी तिथे होते. ह्यांनी लिहिलंय तसंच झालं. माझ्या भावाने ह्यांची जात विचारली." मेहुणा तिच्याकडे बघून धुमसत होता. ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. तक्रार निकाली निघाली. मेहुण्याला कुणी एक शब्द बोललं नाही. मावशीला मात्र यापुढे नातेवाइकांशी सौजन्याने वागण्याची समज मिळाली, लेखी.

बाहेर व्हरांड्यात भावजय तिच्यासाठी थांबली होती.

"मी माहेरी राहते सध्या. आईसाठी. तुमच्या भावाशी बोलणं बंद आहे," ती म्हणाली. "ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर लग्न केलं असतं?"

भावजयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. निदान खोटं बोलली नाही.

"ताई म्हणायची घाई करू नका," मावशी म्हणाली. "आज साक्ष दिलीत, ते विसरणार नाही. पण मला अजून सगळ्यांचा राग आहे. तुमचासुद्धा."

भावजयीने मान हलवली आणि ती गेटकडे चालू लागली. मावशी तिथेच उभी राहून समज दिल्याचा कागद पुन्हा एकदा वाचत होती. मग तिने त्याचे चार तुकडे केले, आणि शवागाराच्या दिशेने निघाली. दोन प्रेतं आली होती आणि डॉक्टर वाट बघत होते.