एकतीस आणि एक

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती एका गजराच्या घड्याळावरून. आईबाबांचीही व्हायची, पण ती दार लावून व्हायची, त्यामुळे त्यांचं मला काही सांगता यायचं नाही. आमची मात्र भर बैठकीत व्हायची.

घड्याळ चावीचं. एकदा गच्च चावी दिली की दीडेक दिवस चालायचं. ती चावी कोणी द्यायची यावरून मी आणि माझी धाकटी बहीण एकमेकींच्या झिंज्या उपटायचो. तिला सगळे टिचकी म्हणतात, कारण काही सांगायचं असलं की आधी समोरच्याच्या दंडाला टिचकी मारते आणि मग तोंड उघडते. शेवटी वैतागून आईने निवाडा केला. सम तारीख टिचकीची, विषम ताईची. ताई म्हणजे मी. मिटलं, असं आईला वाटलं. पण महिना एकतीस दिवसांचा असला की एकतीसही माझी आणि लगेच दुसऱ्या दिवशी एक तारीखही माझीच! टिचकी नुसती थयथयाट करायची. "ही शुद्ध चीटिंग आहे!"

"नियम म्हणजे नियम," आई म्हणायची.

"तू नेहमी ताईचीच बाजू घेतेस."

मी पाठीमागून वेडावून दाखवायचे. आयती चालून आलेली तारीख कोण सोडतं हो?

मग आईबाबा वेगळे झाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांना लांबच्या गावात काम मिळालं होतं. आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं, कोण कुठे राहणार. आईने धरूनच ठेवलं होतं की दोघी तिच्याजवळ. टिचकी म्हणाली, "मी बाबांबरोबर."

"का गं?" आईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"तुझ्याकडे ताई आहे. बाबांकडे कोणीच नाही."

आईने टिचकीचे फ्रॉक स्वतः इस्त्री करून बॅगेत भरले. घड्याळ खरं तर बाबांचं, पण सामानाच्या गडबडीत आमच्या भांड्यांच्या खोक्यात आलं. तेव्हापासून सम तारखांनाही मीच चावी द्यायचे. हवी होती ना सगळी चावी मला? घ्या आता.

आई चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवते. सुताएवढी फट तिच्या नजरेतून सुटत नाही, पण टिचकीचा विषय निघाला की तिला काही म्हणजे काही दिसत नाही. दर रविवारी फोन लावते, "जेवलीस?" एवढंच विचारते आणि फोन माझ्या हातात देऊन ओट्याशी जाते. माझं बोलणं संपलं की पाठमोरीच विचारते, "आवाज बसलेला वाटला का?" मी एकदा चिडून म्हटलं, "तूच विचार ना तिला. परत ये म्हण." आई म्हणाली, "दार उघडं आहे. पण तिने तिचं ठरवलंय. मी बोलावणार नाही." आणि तिकडे टिचकी म्हणायची, "आईने एकदा तरी म्हटलं का ये म्हणून?" दोघी एकाच माळेचे मणी. मधल्यामधे माझं सँडविच.

या सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ करता करता वर्ष उलटून गेलं तरी आमची भेट झाली नाही. मला तिची इतकी आठवण यायची की रस्त्यात कुणीही दंडाला लागलं तरी मी वळून बघायचे.

आणि एका रविवारी टिचकीच फोनवर म्हणाली, "आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. निवड झाली की जिल्हा आणि मग विभागीय. ताई, विभागीय एकच असतं. तुमचं आमचं एकत्र."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विज्ञानाशी माझं तसं फारसं जमत नाही, पण त्या दिवसापासून मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. प्रयोग आमचा जुनाच, बाबांनी शिकवलेला. घड्याळाची काच काढायची, मधोमध मिनिटकाट्यावर हलकी प्लास्टिकची डबी चिकटवायची, तिच्यात ओला कापूस आणि मोहरीचे दाणे. शेजारी तशीच एक डबी न फिरणारी. न फिरणारीतली मुळं शहाण्यासारखी खाली जातात. फिरणारीतल्या मुळांना खाली कुठे तेच कळत नाही, वाट्टेल तिकडे जातात. टिचकीने तिकडे तेच करायचं ठरवलं. घड्याळ नाही म्हणून बाबांनी तिला बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली मोटर काढून दिली.

आमच्या बाई म्हणाल्या, "जोडीला कुणाला तरी घे. दोघींना परवानगी आहे."

"जोडी आहे माझी, बाई. ती फक्त दुसऱ्या शाळेत आहे."

शाळेतून निघाले, जिल्ह्यातूनही निघाले. तिकडे टिचकीही. बक्षिसाचं मला सोयरसुतक नव्हतं. मला फक्त तिला समोर बसवून विचारायचं होतं: येतेस का परत? आई विचारणार नव्हती, मग मी विचारणार. एवढ्यासाठी मी बसमध्ये ते घड्याळ तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरून नेलं.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या खेळाच्या बंदिस्त मैदानात होतं. निळा कागद लावलेली टेबलं, टाचण्या, गोंदाचा वास, कुठे बझर वाजतोय, कुठे कुणाचा ज्वालामुखी वेळेआधीच उतू गेलाय. पहिला दिवस एकतीस तारखेचा. मी टेबल मांडलं, चावी दिली आणि तिला शोधायला निघाले. मागच्या रांगेत सापडली. उंच झाली होती. केस कापले होते. कुणी कापून दिले असतील, असा वेड्यासारखा विचार माझ्या मनात आला. शेजारी तिची जोडीदारीण, जाड भिंगांची चष्मेवाली.

"टिचके!"

तिने वर पाहिलं. चेहरा असा फुलला, आणि दुसऱ्याच क्षणी मिटला. "हाय," म्हणाली.

हाय! वर्षानंतर बहीण भेटते आणि ही म्हणते हाय.

"कोण गं?" चष्मेवालीने विचारलं.

"ओळखीची आहे."

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी तिच्या टेबलावरचं नाव वाचलं, माझ्या बिल्ल्यावरचं वाचलं. "आडनाव एक, प्रयोगही एक! काय गं, बहिणी बहिणी का?"

"छे हो सर," चष्मेवाली हसून म्हणाली, "ती एकुलती एक आहे."

टिचकी मोटरची वायर पाहत राहिली. जणू त्या वायरमध्ये सगळ्या जगाचं विज्ञान भरलंय.

"असेल," मी म्हटलं. "मग मीच वाट चुकून आले असेन." आणि तरातरा माझ्या टेबलाशी गेले. परीक्षक माझ्याकडे आले तेव्हा मी काय सांगितलं, देव जाणे. त्यांनी विचारलं, मुळांना दिशा कशामुळे कळते? मला तोंडपाठ होतं ते उत्तर. मी म्हटलं, "माहीत नाही." ते पुढे गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या नळांशी उभी होते. दंडाला टिचकी बसली. मी वळले नाही.

"ताई."

"कोण आपण? ओळखीच्या वाटत नाही."

"ताई, ऐक ना." तिचा आवाज ओला झाला होता. "बहीण आहे म्हटलं की सगळ्या विचारतात. कुठे असते? तुझ्याजवळ का नाही राहत? आई कुठे असते? मग मला वर्गात रडू येतं. एकदा आलं. म्हणून मग नवीन तुकडीत गेले तेव्हा म्हटलं, नाहीच आहे. नाही म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

माझा राग म्हणजे दुधाला आलेला ऊत. खाली बसला तो बसलाच. मी तिचं नाक माझ्या ओढणीने पुसलं, आणि जे विचारायला आले होते ते विचारलं. "येतेस का परत? घरी?"

ती बराच वेळ नळाशी खेळत राहिली. "बाबा संध्याकाळी दिवा लावत नाहीत, ताई. मी क्लासहून येते ना, तेव्हा अंधारातच खुर्चीत बसलेले असतात. मी आले की म्हणतात, अरे, संध्याकाळ झाली वाटतं." मग म्हणाली, "तूच ये ना इकडे."

मला आई दिसली. रविवारी ओट्याशी पाठमोरी, कान सगळा फोनकडे.

"आईला कोण आहे मग?" मी म्हटलं.

एवढ्या लांब आले होते मी, मुठीत एक प्रश्न घेऊन, आणि त्याचं उत्तर मला निघण्याआधीही माहीत होतं की काय कोण जाणे. तरी मला ती हवीच होती. आजही हवी आहे.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं होतं. बक्षीस कुठल्याशा सौरचुलीला मिळालं. आवराआवर सुरू झाली तशी टिचकी माझ्या टेबलाशी आली, चष्मेवालीला हाताला धरून. "ही माझी ताई," तिला म्हणाली. "सख्खी. सगळं नंतर सांगते, आत्ता विचारू नकोस." ती बिचारी खरंच काही विचारेना. चांगली आहे मुलगी, उगाच मी तिच्यावर डूख धरला होता.

मग टिचकीने सरळ घड्याळ उचललं आणि चावीला हात घातला.

"ए, आज एक तारीख," मी म्हटलं. "विषम."

"काल कोणी दिली?"

"मी."

"काल एकतीस, आज एक. दोन्ही तुझ्या?" तिचे डोळे तसेच, भांडणाचे. "खूप वर्षं ऐकून घेतलं मी. आज माझी." आणि तिने चावी दिली, ओठ मुडपून, पार गच्च होईस्तोवर, वर आणखी अर्धा पीळ. आई नेहमी ओरडायची त्यावरून, स्प्रिंग तोडशील म्हणून. मी पिळू दिलं. टिकटिक चालू होती, तिच्या चावीची. बसमध्ये सबंध वाट मी ती मांडीवर घेऊन बसले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "नंबर?"

"नाही आला."

"बरं." थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, "बारीक झालीय का?"

"उंच झालीय."

आईने कपाटाचं दार लावलं आणि उगाच पुन्हा उघडलं.

दोन तारखेला शाळेतून आल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं आणि तशीच पुढे गेले. जेवणाच्या सुमाराला टिकटिक मंदावली. मग थांबली. घर एकदम रिकामं वाटायला लागलं.

"अगं, बंद पडलं बघ," आई म्हणाली. "चावी दे."

"आज सम तारीख आहे. माझी नाही."

घड्याळ आईने हातात घेतलं, चावीवर बोटं ठेवली आणि परत खाली ठेवून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता. मी उचलला.

"थांबलं?" टिचकीने एकदम विचारलं. दीड दिवस होत आला होता, तिला बरोबर ठाऊक.

"थांबलं."

"तू दिली नाहीस ना चावी?"

"तुझी तारीख. मी कशाला देऊ?"

मग म्हणाली, "बरं केलंस." आणि रडायला लागली. मीही. दोघी नुसत्या मुसमुसत होतो.

आई कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने हात पुढे केला. मी फोन दिला. मला वाटलं, विचारेल, जेवलीस?

आईने फोन कानाला लावला. तिने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"टिचके," ती म्हणाली, "एकतीस आणि एक. तुझंच बरोबर होतं गं."