नीरफणसाची उंची

दुबई मरीनातल्या एकविसाव्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात शैलेंद्र नावाच्या एजंटाने आधी कॉफी दिली, मग खजूर पुढे केले, मग एक चकचकीत माहितीपत्रक सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, यातला बेस्ट पार्ट सांगू? तिथे जायची गरजच नाही! आमच्या निम्म्या क्लायंटना डॉमिनिका नकाशावर दाखवा म्हटलं तर आफ्रिकेवर बोट ठेवतील. कॅरिबियन पासपोर्ट घ्यायचा, राहायचं इथेच, खलास!"

"पण आम्हाला जायचंय," सुनेत्रा म्हणाली.

"फिरायला ना? जरूर!"

"राहायला."

शैलेंद्रने पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं तो त्या बेटाचे पासपोर्ट विकत होता, पण तिथे राहायला निघालेलं माणूस त्याच्यासमोर पहिल्यांदाच बसलं होतं. "मॅडम, तिथे मॉल नाहीत. लाइट जाते. वादळं येतात. इथून लोक कॅनडाला जातात, पोर्तुगालला जातात. तुम्ही दुबईतून उठून..." मग त्याने सुनेत्राच्या नवऱ्याकडे आशेने पाहिलं. "सर, तुम्ही तरी सांगा ना."

आणि उपेंद्ररावांनी काय सांगावं? "मी तेच म्हणतोय हिला. अजून जरा विचार करू."

सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचार! चौदा महिने या माणसाचा विचारच चालला होता. एवढ्या विचारात लोकांची लग्नं होऊन पोरं होतात! तिने पर्स उचलली, शैलेंद्रला म्हणाली, "पासपोर्ट नको, आम्हाला फक्त राहायचा परवाना हवाय, तो आम्ही तिथेच बघू," आणि लिफ्टमध्ये एकवीस मजले उतरेपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

गोष्ट साधी होती. उपेंद्रराव समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्लांटवर इंजिनियर. गेल्या महिन्यात साठ पूर्ण झाले. कंपनीने केक कापला, घड्याळ दिलं आणि व्हिसा कधी रद्द होणार त्याची तारीखही दिली. सत्तावीस वर्षांच्या दुबईला आता पाच आठवडे उरले होते. सुनेत्रा हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती, ती दोन वर्षांपूर्वीच घरी बसली.

त्याच हॉस्पिटलात मार्लीन नावाची डॉमिनिकाची नर्स होती. ती नोकरी संपवून गावी परतली आणि "एकदा या" म्हणून मागेच लागली. म्हणून गेल्या वर्षीच्या जानेवारीत ही दोघं पाच आठवडे तिथे राहून आली. डोंगरउतारावरचं गाव, पत्र्याचं छप्पर, खाली समुद्र. बस भरल्याशिवाय हलायची नाही आणि हलली तरी वाटेत कुणाच्या तरी दारात पाव द्यायला थांबायची. ओढ्याकाठी हे एवढाले अळू माजलेले बघून सुनेत्राला वेड लागायचंच बाकी राहिलं! ते लोक त्याच पानांचं सूप करतात. तिने चिंच-गूळ घालून अळूचं फदफदं केलं, तर मार्लीनच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने, मिस अयोनाने, तीनदा वाढून घेतलं.

पण सुनेत्राचं मन अडकलं ते अळूत नाही. अडकलं ते एका प्रश्नात.

दुबईत भेटलेला प्रत्येक माणूस सत्तावीस वर्षं एकच विचारत आला होता: मग, परत कधी जाणार? पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवला होता, तर तिथे उतरल्या उतरल्या सोसायटीतले लोक विचारायचे: मग, परत कधी जाणार? दोन वर्षांपूर्वी तिथे दोन महिने राहून पाहिलं. भाजीवालासुद्धा त्यांना "दुबईवाले" म्हणायचा. आणि या मिस अयोनाने पहिल्याच सकाळी, ओळख ना पाळख, पायरीवर बसून विचारलं, "मागच्या अंगणात काय लावणार?"

मग म्हातारीनेच गुडघ्याएवढं नीरफणसाचं रोप आणून उपेंद्ररावांच्या हातात दिलं आणि म्हणाली, चार-पाच वर्षांनी फळ धरेल. पाच वर्षांनी! व्हिसा दोन-दोन वर्षांचा, घराचा करार वर्षाचा. पाच वर्षांची भाषा त्यांच्याशी कुणी केलीच नव्हती. उपेंद्ररावांनी मुकाट्याने खड्डा खणला, रोप लावलं आणि परत आल्यावर त्या रोपाचं नावही काढलं नाही. वर स्वतःची लाडकी मोजायची स्टीलची टेप प्रवासात हरवून आले. पंचवीस वर्षं जपलेली टेप हरवणारा माणूस रोपाची काय आठवण ठेवणार, असं म्हणून सुनेत्राने तो विषय सोडला होता.

आता मात्र घोडं अडलं होतं. दोघं जिथे राहिली होती, ते मिस अयोनाचं खालचं दोन खोल्यांचं घर रिकामं होतं आणि एक कॅनेडियन जोडपंही ते मागत होतं. मिस अयोनाने निरोप धाडला होता: शुक्रवारी सकाळी दहापर्यंत हो किंवा नाही सांगा. तिथले सकाळचे दहा म्हणजे दुबईतले संध्याकाळचे सहा.

सुनेत्रा एकटीने हो म्हणू शकली असती. पण नवऱ्याला फरपटत नेऊन, रोज संध्याकाळी त्याचं पडलेलं तोंड बघत समुद्रकिनारी बसण्यात काय अर्थ होता? तो आपल्या पायाने यायला हवा होता, आणि तेच होत नव्हतं.

गुरुवारी रात्री मुलगी जेवायला आली. शुभ्रा सव्वीस वर्षांची, इथेच जन्मली, इथल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकली, आता मरीनात नोकरी करते.

"नोबडी रिटायर्स इन डॉमिनिका, आई," ती भाताचा घास घेत म्हणाली. "आय विल स्पॉन्सर यू बोथ. माझ्या व्हिसावर राहा. इट्स सो सिंपल."

"बघ," उपेंद्रराव म्हणाले, "हाही एक विचार करण्यासारखा पर्याय आहे."

"तुम्ही मुलीच्या व्हिसावर राहणार? मॅनेजरने सुट्टीचा फॉर्म परत पाठवला तर आठवडाभर न बोलणारे तुम्ही?"

"तिथे शुगरची औषधं मिळतील का?"

"मार्लीन नर्स आहे. तिने यादी पाठवलीय. मिळतात."

"तिथेही परवानाच काढायचा ना? म्हणजे तिथेही व्हिसाच."

"कागद सगळीकडे लागतात हो! मला कागदाचं सांगू नका, मनाचं सांगा. यायचंय की नाही?"

उपेंद्ररावांनी ताक संपवलं, "उद्या सांगतो" म्हणाले आणि स्टोअररूममध्ये गेले. ही त्यांची जुनी खोड. काही अवघड झालं की हा माणूस स्टोअररूममध्ये खोकी लावायला जायचा.

त्या खोक्यांबद्दल सांगायलाच हवं. गल्फमध्ये राहिलेल्या कुठल्याही घरात विचारा, टीव्हीचं खोकं फेकलेलं सापडणार नाही. एक दिवस परत जायचंय, तेव्हा सामान भरायला मूळ खोकं हवं! उपेंद्ररावांनी तर थर्माकोलसकट ठेवली होती. टीव्ही तीन वेळा बदलला, मिक्सर जळाले, फ्रिज गेले, खोकी राहिली. छोट्याशा स्टोअररूममध्ये खालपासून छतापर्यंत, न उरलेल्या वस्तूंची रिकामी खोकी. आणि दुसरा नियम भिंतीचा. खिळा ठोकायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, घर सोडताना मालक रंगाचे पैसे कापतो. शुभ्रा चार वर्षांची असताना पेन्सिल घेऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती, "बाबा, माझी हाइट लिहा." तिच्या मैत्रिणीकडे तशा खुणा होत्या. उपेंद्ररावांनी पेन्सिल काढून घेतली. "दीड हजार दिरहॅम कापतील, म्हणजे अठरा हजार रुपये! कागदावर लिहू." कागदावरही कधी लिहिली नाही. पोर रडली नाही, पण पुन्हा कधी पेन्सिल घेऊन आली नाही, आणि सुनेत्राला ते अजून टोचायचं.

शुक्रवारी दुपारी उपेंद्रराव करामाच्या बाजारात भाजी आणायला गेले. दोन वाजले, तीन वाजले. सुनेत्राच्या डोक्यात तिडीक गेली. बसू दे याला विचार करत, निदान ती खोकी तरी आज घराबाहेर जातील! तिने खालच्या मजल्यावरच्या युसुफभाईंना फोन लावला. युसुफ रत्नागिरीकडचे. त्यांचं छोटंसं कार्गोचं दुकान होतं, लोकांचं सामान गावी पाठवायचं, म्हणून त्यांना खोकी कायम लागायची.

"सुनेत्राभाभी, उपेंद्रभायला विचारलात?" युसुफभाई दारातच थबकले. "त्याच्या बॉक्सला हात लावला तर तो माझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"माझ्या जबाबदारीवर न्या. यल्ला, चला!"

युसुफभाई एकेक खोकं काढत गेले. "हा टीव्ही कुठला? हा तर बंद पडूनसुद्धा पंधरा वर्षं झाली!" ते हसत होते, सुनेत्राही हसली. मग तिने त्यांना मिस अयोनाचा प्रश्न, ते नीरफणसाचं रोप, सगळं सांगितलं आणि विचारलं, "युसुफभाई, आमचं काही वेड्यासारखं चाललंय असं तुम्हाला वाटतं का? खरं सांगा."

युसुफभाई खोकं धरून उभे राहिले. "गावी माझा बंगला बांधून झालाय, भाभी. सहा खोल्या. वर्षातून पंधरा दिवस राहतो आणि सोळाव्या दिवशी मलाच तिथे चुकल्यासारखं वाटतं. तुम्हाला कुणी काय लावणार म्हणून विचारतंय, तर जाऊन लावा. नीरफणस आमच्या परसातही आहे. काप तळले की काय लागतात!" आणि ते शेवटची उंच चळत बाजूला सरकवायला वाकले. "भाभी, इकडे या जरा. भिंत कुणी खराब केलीय?"

सुनेत्रा आत डोकावली. खोक्यांमागच्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. पहिली गुडघ्याजवळ, मग बोटभर वर दुसरी, मग तिसरी, अशा चढत चढत साठेक रेघा. प्रत्येक रेघेपुढे इंजिनियरच्या बारीक, सरळ अक्षरात रविवारची तारीख आणि सेंटिमीटर. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. एका ठिकाणी तीन आठवडे आकडा हललाच नव्हता, तिथे प्रश्नचिन्ह होतं. एका ठिकाणी "वादळ. एक फांदी गेली. रोप ठीक." सगळ्यात वरची रेघ गेल्या रविवारची. एकशे चोवीस.

टेप हरवली नव्हती. टेप मिस अयोनाकडे होती.

सुनेत्रा तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. लबाड! चौदा महिने दर रविवारी "खोकी नीट लावतो" म्हणून आत जायचा आणि दार लोटून घ्यायचा! युसुफभाईंना काही कळेना. ते "मी पाणी आणतो" म्हणून स्वयंपाकघरात गेले.

पावणेसहाला उपेंद्रराव पिशवी घेऊन आले. पॅसेजमध्ये खोकी बघून त्यांचा चेहराच उतरला. मग स्टोअररूमचं उघडं दार दिसलं, आणि भिंतीपुढे उभी राहिलेली बायको दिसली.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

उपेंद्ररावांनी पिशवी खाली ठेवली. "मी घाबरलो होतो, सुनेत्रा. सत्तावीस वर्षांत एक खिळा ठोकला नाही मी. एकदम झाड लावलं. म्हटलं, वर्षभर जगलं तर जायचं. दर रविवारी माप विचारायला फोन लावताना वाटायचं, आज अयोनाबाई सांगणार, मेलं म्हणून. ते काही मेलं नाही. मग म्हटलं, तुझ्या खांद्याला लागलं की सांगू. तेही गेल्या रविवारी लागलं." त्यांनी चष्मा पुसला. "मग काही कारणच उरलं नाही बघ, आणि जास्तच भीती वाटायला लागली."

सुनेत्रा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. वरची रेघ बरोबर तिच्या खांद्याशी होती. "अहो, मला एकदा सांगायचं तरी होतंत! मी किती शिव्या घातल्या तुम्हाला मनातल्या मनात."

"घातल्यास ते ठीकच केलंस," उपेंद्रराव म्हणाले आणि घड्याळाकडे बघून त्यांनी स्वतःच फोन काढला. सहाला पाच कमी होते.

"मिस अयोना, आम्ही येतोय. दोघंही."

पलीकडून म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, बरं झालं, आणि येताना दुसरी टेप आणा, ही गंजली.

थोड्या वेळाने शुभ्रा ऑफिसातून थेट आली. आईने फोन करून निर्णय कळवला होता, तेव्हा वादच घालायचा म्हणून आली असावी. पण पॅसेजमधल्या खोक्यांतून वाट काढत ती स्टोअररूमपाशी पोचली आणि भिंतीकडे बघतच राहिली. तिने सगळ्या तारखा वाचल्या, वादळाची ओळ वाचली. मग तिने सँडल काढल्या, आत गेली आणि त्या रेघांशेजारी, भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून ताठ उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "नाउ मी."

उपेंद्ररावांनी खिशातून पेन्सिल काढली. सुनेत्राने मुलीच्या डोक्यावर पट्टी धरली.

"दीड हजार कापतील हं," सुनेत्रा म्हणाली. "आता पस्तीस हजार रुपये झाले."

"कापू देत," उपेंद्रराव म्हणाले, आणि त्यांनी रेघ ओढून पुढे ठळक अक्षरात लिहिलं: शुभ्रा, एकशे त्रेसष्ट.