जिजाबायची मेढ

"मेढ उपटलीस तर तुझे घरान सात पिढ्या लग्नाचा ढोल वाजनार नाय," जिजाबाय म्हणाली आणि निवांतपणे पानाला चुना लावत राहिली.

खड्ड्यापाशी उभे असलेले गडी दोन पावलं मागे सरले. विजेच्या खांबासाठी कालच त्यांनी तिच्या अंगणात हा खड्डा खणला होता. आज येऊन बघतात तर त्यात उंबराची फांदी रोवलेली. वर आंब्याची डहाळी, हळदीच्या फडक्यात सुपारी नि हळकुंड, बुंध्याला कुंकू. लग्नाची मुहूर्तमेढ. लग्न लागून मांडव परतेपर्यंत तिला हात लावायची छाती कोणाची?

मुकादम जितेश चंदनसारहून यायचा. त्याने हेल्मेट काढलं. "आजी, लग्न कोणाचं?"

"माझे नातवाचा. अल्पेशचा."

"मुलगी कुठली?"

"सोधतंय ना. तुझे वलखीत हाय कोन?"

अल्पेश ओटीवर बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने मान काही वर केली नाही.

जूचंद्र गावात जिजाबायच्या घराजवळच्या वळणावर खांब आधीपासून होता, पण आता त्याच्यामागे फ्लॅटांचा टॉवर उठला होता आणि बिल्डरला गेट मोकळं हवं होतं. म्हणून खांब जिजाबायच्या अंगणात येणार आणि तारा तिच्या कौलांवरून जाणार. तारा डोक्यावर आल्या की घरावर माळा चढवता येत नाही. घर एका खोलीचं. माळा नाही तर अल्पेशची बायको येऊन राहणार कुठे? आढ्याला लटकून?

"तार हवेत वळत नाही, आजी," जितेश समजुतीने म्हणाला. "वळणावर खांब लागतोच. दोन्हीकडच्या तारा त्याला आत ओढतात, म्हणून उलट्या बाजूने जमिनीत ताणाची तार बांधायची. तुमच्या अंगणात दोन्ही बसतं."

"जुना खांब झुकला काय?"

"नाही. पण शेठना गेट..."

"मंग शेठला सांग, तू तुझे बाजूला ओढ, मी उलटी ओढतंय. झुकनार कोनच नाय."

जिजाबायच्या थापा गावाला पाठ होत्या. तरुणपणी मिठागरात तिने म्हणे एवढा खेकडा धरला होता, की त्याच्या नांगीत म्हशीचा पाय अडकला आणि म्हैस पुढं वर्षभर खारट दूध देत होती. लोक हसायचे. समोरच्या घरातली पुतळाबाई तेवढी हसायची नाही. दोघींनी एकाच मिठागरात टोपल्या वाहिलेल्या. पुतळाबाई प्रत्येक थाप खरी मानायची आणि वर विचारायची, "मंग त्या दुधाचा चाय कसा लागं?" असा ऐकणारा मिळाला की थाप मारणाऱ्याला अजून काय हवं?

मेढ उभीच राहिली. नवा खांब रस्त्याकडेला आडवा पडून राहिला, आणि टॉवरमधली कुत्री त्याच्यावर हजेरी लावून जाऊ लागली. जितेश अधूनमधून बाईक थांबवायचा.

"मिळाली का मुलगी?"

"एक बघितली. अल्पेशला नको बोल्ली. तू येत जा, चौकशी करत जा."

मग एका सकाळी समोरच्या घरात रडारड उठली. पुतळाबाई गेली.

जिजाबाय उठली, पण पायरीवरच थबकली. पुतळाबाईची सून संजना डोळे पुसत फाटकाशी आली. "मावशी, तुमचे घरी मेढ हाय. तुमी मयताला नाय आलात तरी कोन काय बोलनार नाय."

खरंच होतं. दारी मेढ असलेलं माणूस मयताच्या घरी जात नाही. नाक्यावर जितेश बाईकला टेकून इकडेच बघत होता.

"आजी, तू गेलीस ना, तर सगळ्यांना कळेल मेढ खोटी आहे," अल्पेश हळूच म्हणाला. "ते आजच खांब उभा करतील. इथूनच हात जोड ना प्लीज."

जिजाबाय समोरच्या दाराकडे बघत राहिली.

"पुतलीनी माझी एक थाप खोटी मानली नाय," ती म्हणाली. "तिचे मयताला मी खोटी राहू?"

ती खड्ड्यापाशी गेली. दोन्ही हातांनी मेढ उपटली, हळदीचं फडकं सोडून कनवटीला खोचलं आणि फांदी भिंतीला टेकवली. मग रस्ता ओलांडून गेली. पुतळाबाईला आंघोळ घालताना तिने सगळ्या बायकांना बाजूला सारून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय ते कोणाला ऐकू आलं नाही.

तिरडी उठली. जिजाबाय अंगणात परतली आणि न्हाणीच्या दगडावर डोक्यावरून पाणी घेतलं. तोवर क्रेन आली होती. खांब दोराला टांगून वर उचलला होता.

निथळत्या लुगड्यानिशी ती खड्ड्याच्या काठावर बसली, पाय आत सोडले आणि खाली उतरून मांडी घालून बसली.

जितेश जवळ आला. "आजी, मेढ नाही आता."

"नाय."

"लग्नपण नाही."

"नाय."

"मग आता काय सांगणार? खाली नाग आहे? भूत आहे?"

"काय नाय सांगत. जागा माझी हाय."

गडी जितेशकडे बघू लागले. जितेशने क्रेनवाल्याकडे बघितलं, क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. दोराला टांगलेला खांब वाऱ्यावर हळूहळू फिरत राहिला.

जिजाबायने वर पाहिलंच नाही. ती केस पुढे घेऊन पिळत होती, आणि पाणी खड्ड्यातल्या मातीत जिरत होतं.